बाहेर उर्दू पाटी

कोहिनूर हे बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातलं होबळीचं, म्हणजे महसुली मंडळाचं गाव. दक्षिणेला गेलं की कलबुर्गी जिल्हा लागतो, पश्चिमेला महाराष्ट्राची हद्द फार दूर नाही. या पट्ट्यातून फिरताना डोळ्यांना कन्नड दिसतं आणि कानांवर तीन भाषा पडतात. बसच्या कपाळावरचं गावाचं नाव कन्नडात असतं, बाजारातला हिशेब मराठीत किंवा कन्नडात चालतो, आणि भाव तुटत नसला की बोलणं दखनीवर येतं. काळ्या रानातल्या तुरीला एका घरात तूर म्हणतात, शेजारच्या घरात तोगरी. जमिनीच्या उताऱ्याला महाराष्ट्रात सातबारा म्हणतात, इथे पहाणी. हा शब्द निजामाच्या हैदराबाद राज्याच्या महसूल खात्यातून आला आणि राज्यं बदलली तरी टिकून राहिला. तहसील, अदालत, मुन्सफ, वकील हे शब्दही त्याच दप्तरातले. एखाद्या मुलखावर कोणत्या भाषेने राज्य केलं हे शोधायचं असेल तर किल्ल्याकडे आधी जाऊ नये, शेतकऱ्याच्या हातातला कागद बघावा. त्या कागदामुळेच या प्रवासात एक प्रश्न मनात घर करून राहिला. कारभाराची भाषा आपली नाही, सभेला परवानगी नाही आणि निवडणूक जवळजवळ नाहीच, अशा राज्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या पुढाऱ्याने राजकारण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

भाषांची सरमिसळ इथे आजची नाही. कोहिनूरचा तालुका म्हणजे चालुक्यांचं कल्याण. त्या कन्नड राजघराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ओवीचा इतका जुना उल्लेख एका कन्नड राजाच्या संस्कृत ग्रंथात मिळावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कलबुर्गी जिल्ह्यातल्या गाणगापुराशी जोडलेलं ‘गुरुचरित्र’ घरोघरी मराठीत वाचलं जातं, पण ते लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड होती. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी अशा भाषांत पदं केली. या उदाहरणांवरून इथे भाषांचं भांडण कधी नव्हतंच, असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पदं गाताना भाषा शेजारीशेजारी बसतात, कचेरीत त्यांना रांगेत उभं राहावं लागतं. १८८० च्या दशकात हैदराबाद राज्याने फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा केली. राज्यातले ढोबळमानाने निम्मे लोक तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा मराठी, आणि कन्नड व उर्दू दहा-बारा टक्क्यांच्या घरातले. तरी अदालतीतला युक्तिवाद उर्दूत, वरच्या शाळेतलं शिक्षण उर्दूत, आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. उस्मानियाने देशी भाषेत वैद्यक आणि विज्ञान शिकवून दाखवलं, ही त्या काळाची मोठी कामगिरी होती आणि ती मान्य करायला मराठी माणसाने कचरू नये. पण ती देशी भाषा राज्यातल्या बहुसंख्य पोरांच्या घरातली नव्हती.

कोहिनूरहून कलबुर्गीला, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्ग्याला पोचलं की या प्रश्नाचं एक जिवंत उत्तर समोर येतं. केशवराव संतुकराव कोरटकर यांचा जन्म १८६७ चा, आज हिंगोली जिल्ह्यात असलेल्या वसमत भागातल्या पुरजळचा. वकिलीत त्यांचा जम बसला तो गुलबर्ग्यात. गुलबर्गा सुभ्याचं ठिकाण होतं, आणि सोलापूरहून रायचूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर असल्यामुळे इंग्रजी मुलखातलं वारं तिथे लवकर पोचत असे. पुढे ते राजधानीत गेले, आर्य समाजाचे अध्वर्यू झाले आणि अखेर हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश. १९३२ मध्ये ते वारले. एवढ्या चरित्रात बंड नाही, तुरुंगवास नाही, गाजलेलं भाषण नाही. आहेत त्या संस्था. गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय १९०७ चं. त्याच्या उभारणीत विठ्ठलराव देऊळगावकरांबरोबर कोरटकरांचंही नाव घेतलं जातं. हैदराबादची विवेकवर्धिनी त्याच सुमाराची. तिच्यामागे केशवराव आणि वामनराव नाईक उभे होते. संस्थानातला मराठी मुलगा मॅट्रिकपर्यंत आपल्या भाषेच्या आधाराने पोचू शकतो, हे या शाळांनी दाखवून दिलं. माझं म्हणणं असं की, केशवरावांचं ‘शिक्षणप्रेमी सद्गृहस्थ’ एवढंच वर्णन करणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. ते राजकारणी होते, आणि शाळा हेच त्या परिस्थितीत शक्य असलेलं सर्वांत टणक राजकारण होतं.

हे पटायला एका लांबच्या मुलखाकडे बघणं उपयोगी पडतं. पहिल्या महायुद्धानंतर पूर्व गॅलिशिया पोलंडकडे गेला. १९२३ मध्ये विजेत्या राष्ट्रांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तिथले लाखो युक्रेनियन एका रात्रीत दुसऱ्याच्या राष्ट्रातले अल्पसंख्याक झाले. १९२४ च्या कायद्याने त्यांच्या शाळा द्वैभाषिक करण्याच्या नावाखाली हळूहळू पोलिश होत गेल्या. ल्विव शहरात १९२१ पासून चार वर्षं युक्रेनियन प्राध्यापकांनी गुप्तपणे विद्यापीठ चालवलं. मिलेना रुदनित्स्का ही शिक्षिका १९२८ मध्ये पोलंडच्या संसदेत निवडून आली, १९३५ पर्यंत खासदार राहिली आणि आपल्या लोकांची गाऱ्हाणी घेऊन जिनिव्हाच्या राष्ट्रसंघापर्यंत गेली. १९३० च्या शरद ऋतूत पोलिश फौज-पोलिसांनी युक्रेनियन खेड्यांवर धाडी घातल्या. त्या वेळी त्यांनी मुद्दाम मोडली ती वाचनालयं आणि सहकारी दुकानं. या तपशिलाशी मी थबकतो. खासदारांची भाषणं सरकारला सहन होत होती, गावातलं पुस्तकांचं कपाट सहन होत नव्हतं. राष्ट्रसंघाने १९३२ च्या आरंभी निकाल दिला की पोलंडचं धोरण छळाचं नाही. जिनिव्हाला गेलेला अर्ज असा वाया गेला. तेच वाचनालय जिथे पुन्हा उभं राहिलं, तिथे माणसं पुन्हा वाचायला बसली.

या तुलनेला एक आक्षेप सरळ आहे. युक्रेनियनांना मतं होती, संसदेत जागा होत्या, अल्पसंख्याकांचा करार होता. हैदराबादच्या मराठी माणसाला यांतलं काहीच नव्हतं. मग तुलना कशी जमावी? ती जमते ती याच फरकामुळे. ज्यांच्याजवळ संसद होती त्यांनाही शेवटी शाळा, वाचनालय आणि सहकारी संस्थेचाच आधार उरला. ज्यांच्याजवळ संसदच नव्हती त्यांना तो पहिल्या दिवसापासून शोधावा लागला. हैदराबादच्या कायदे कौन्सिलात बहुतेक सभासद सरकारने नेमलेले असत. १९२९ च्या ‘गश्ती निशान त्रेपन्न’ या हुकमाने जाहीर सभेला आधी परवानगी घेणं सक्तीचं केलं. राजकीय परिषद राज्यात भरवता येत नव्हती, म्हणून ती काकिनाड्याला १९२३ मध्ये भरली आणि माधवराव अणे अध्यक्ष झाले; नंतर मुंबईला १९२६ मध्ये, पुण्याला १९२८ मध्ये न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली, आणि १९३१ मध्ये अकोल्याला. स्वतःच्या राज्याचं राजकारण करायला चारही वेळा परमुलखात जावं लागलं. हैदराबाद शहरात १९३१ मध्ये भरू शकलं ते मराठी साहित्य संमेलन, अध्यक्ष डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. साहित्याला दार उघडं आणि राजकारणाला बंद, अशा घरात साहित्याच्या बैठकीत राजकारण येऊन बसणारच.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. जो माणूस निजामाच्या हायकोर्टाचा न्यायाधीश झाला, त्याला लोकांचा पुढारी कसं म्हणायचं? त्याने सत्तेशी जुळवून घेतलं, आणि जुळवून घेणाऱ्याच्या शाळा सत्तेला धोक्याच्या वाटत नाहीत म्हणून त्या टिकल्या. या आक्षेपातला पहिला भाग खरा मानायला हरकत नाही. केशवरावांनी उर्दूतल्या अदालतीत नाव कमावलं, आणि त्या नावाचं वजन वापरून मराठी शाळेला जागा, पैसा आणि संरक्षण मिळवलं. पण यातून त्यांचं राजकारण लहान ठरत नाही. न्यायाधीशाची खुर्ची त्यांच्याबरोबर गेली, तिचा मराठी मुलांना पुढे काहीही उपयोग नव्हता. शाळा मागे राहिली. शिवाय ते आर्य समाजी होते, म्हणजे भाषेच्या प्रश्नाला धर्माची किनार होती, हेही लपवायचं कारण नाही. ल्विवमध्ये ग्रीक कॅथलिक चर्च आणि त्याचे महाधर्माध्यक्ष शेप्तित्स्की हे युक्रेनियन चळवळीचा कणा होते. राज्य जेव्हा एका धर्माच्या आणि एका भाषेच्या थोड्या लोकांच्या हाती असतं, तेव्हा ज्यांच्या वाट्याला काही येत नाही ते आधी देवळात किंवा चर्चमध्ये जमतात, कारण जमायला तेवढीच जागा उरते. त्याची किंमत पुढे चुकवावी लागली. १९३८ नंतर हैदराबादेत भाषेचा लढा आणि धर्माचा लढा यांतली रेघ पुसट होत गेली, आणि सगळी चळवळच जातीय असल्याचं सांगणं सरकारला सोपं गेलं.

मात्र केशवरावांच्या पिढीवरचा सर्वांत गंभीर आरोप मराठी माणसाने स्वतःच करायला हवा. १२ नोव्हेंबर १९२१ रोजी हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या आवारात सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणं झाली. मग आलमपल्ली वेंकटरामाराव हे वकील तेलुगूत बोलायला उठले, आणि मराठी श्रोत्यांनी त्यांची टर उडवून त्यांना बोलू दिलं नाही. राज्यात तेलुगू बोलणारे मराठी बोलणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. उर्दूच्या कचेरीत आपली भाषा बसू दिली जात नाही, म्हणून ज्यांनी स्वतःच्या हातांनी शाळा उभारली, त्याच शाळेच्या मांडवात त्यांनी दुसऱ्याच्या भाषेला खाली बसवलं. त्याच रात्री मूठभर तेलुगू मंडळी एकत्र आली आणि आंध्र जनसंघम् जन्माला आला. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव यांच्यासारखी माणसं त्या कामाला लागली, आणि १९३० मध्ये जोगीपेठला आंध्र महासभा भरली. ते श्रोते म्हणजे केशवराव नव्हेत, असं म्हणून ही गोष्ट झटकता येईल. मला ते पटत नाही. ज्या समाजाचे आपण पुढारी, त्याला आपल्याहून दुबळ्याशी कसं वागायचं हे शिकवणं पुढाऱ्याच्या कामात येतं. तेवढा धडा विवेकवर्धिनीत शिकवायचा राहिला होता. मराठी वकील, शिक्षक, कारकून राजधानीत संख्येने थोडे आणि वजनाने जास्त होते. वरच्या पायरीवरच्याचा त्रास त्यांना दिसत होता, खालच्या पायरीवर आपणच उभे आहोत हे दिसत नव्हतं.

याला जोडूनच तिसरा आक्षेप येतो. या शाळा शहरांतल्या, आणि बहुतांशी पांढरपेशांच्या. कोहिनूरच्या रानात राबणाऱ्याच्या मुलाला त्यांचं काय? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला मराठी चळवळीतून बाहेर पडून भालकीला जावं लागतं. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांचा जन्म १८९० चा, कमलनगरचा. निजामी राजवटीत त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी शाळा चालवली, तिच्याबाहेर पाटी लावली उर्दूची आणि आत शिकवलं कन्नड. बीदर जिल्ह्यात ही गोष्ट आजही आदराने सांगतात. भालकी हा मराठीचा जोर असलेला भाग. म्हणजे तिथल्या कन्नडावर कारभारातल्या उर्दूचं ओझं होतंच, बाजारातल्या मराठीचंही होतं. दोन भाषांच्या खाली दबलेल्या भाषेची शाळा एका मठाने, भिक्षेच्या धान्यावर वाढलेल्या परंपरेने, खेड्यातल्या मुलांना पोटाशी धरून चालवली. पट्टद्देवरूंची ती पाटी मला या सगळ्या काळाचं सर्वांत स्पष्ट चित्र वाटते. हुकूम मोडल्याचा गाजावाजा नाही, हुकूम पाळल्याचं समाधान सरकारला आहे, आणि दाराच्या आत काळ्या फळ्यावर रोज नवीन कन्नड अक्षर उमटतं आहे. केशवरावांच्या आणि पट्टद्देवरूंच्या कामाची जात एकच. एकाने सत्तेतलं आपलं वजन वापरलं, दुसऱ्याने मठाची गादी. मराठी पुस्तकांत पहिलं नाव सापडतं, कन्नड पुस्तकांत दुसरं. दोघांना एका पानावर आणायला सीमेवरच यावं लागतं.

या कामातून पुढे काय निघालं, त्याला स्वामी रामानंद तीर्थ साक्ष आहेत. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी सिंदगीला जन्मलेले व्यंकटेश भवानराव खेडगीकर. घराणं गुलबर्गा जिल्ह्यातल्या चिनमळीचं. कन्नड मुलखातला हा मुलगा हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक झाला आणि तिथून राजकारणात आला. म्हणजे पुढची पिढीसुद्धा शाळेच्याच दारातून आत शिरली. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, दुसऱ्या वर्षी लातूरला. तेलुगूंची महासभा होतीच, कन्नडांचीही परिषद उभी राहिली. भाषेच्या नावाने सरकारकडून परवानगी मिळायची, म्हणून भाषेच्या नावाने माणसं जमली आणि बोलली राजकारणच. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली; २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. तीन भाषांच्या तीन परिषदांतून एक काँग्रेस घडवणं हे रामानंद तीर्थांचं मोठेपण. ते जमलं याचं एक कारण मला १९२१ च्या त्या अपमानात दिसतं. एका मांडवात सगळ्यांना कोंबून मराठीने पुढाकार घ्यायचा, हा मार्ग त्या रात्री बंद झाला. आता प्रत्येक भाषेचं आपलं घर होतं, आणि घर असलेली माणसं बरोबरीच्या नात्याने भेटू शकत होती. १९४८ नंतर रामानंद तीर्थांनी याचा शेवटचा निष्कर्ष काढला: हैदराबाद राज्यच विसर्जित करून तीन भाषांना आपापल्या राज्यांत जाऊ द्या. १९५२ मध्ये गुलबर्गा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं होतं. चार वर्षांनी तो मतदारसंघ ज्या राज्यात होता ते राज्यच उरलं नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात गेले. भाषावार रचनेने कोट्यवधी लोकांना आपल्या भाषेची कचेरी मिळाली. हा न्याय होता आणि तो मी कमी लेखत नाही. पण राज्याची रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि कोहिनूरसारख्या गावांत ती घरांच्या मधून जाते. तिच्या या बाजूला मराठी अल्पसंख्याक झाले, त्या बाजूला कन्नड. केशवरावांचं आयुष्यच आता तीन राज्यांत वाटलं गेलं आहे: जन्मगाव महाराष्ट्रात, गुलबर्ग्याची वकिली कर्नाटकात, विवेकवर्धिनी तेलंगणात. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार १९५७ मध्ये हैदराबाद शहरातून लोकसभेवर निवडून आले. तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्यांनी एका मराठी माणसाला दिलेली ती मतं १९२१ च्या मांडवातल्या मराठी श्रोत्यांपेक्षा मोठ्या मनाची होती. त्याच १९५६ साली घटनेत कलम ३५०-अ आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय प्रत्येक राज्याने करावी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, ८६५ गावांची यादी, हे सगळं महाराष्ट्रात तोंडपाठ आहे. बसवकल्याण, भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद ही नावं सीमाप्रश्नाच्या प्रत्येक भाषणात येतात. कलम ३५०-अ फारसं कुणी उच्चारत नाही. गाव कोणत्या राज्यात असावं याच्या निकालाची वाट पाहता पाहता त्या गावातल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्या शाळेतून बाहेर पडल्या. मराठी शाळेला शिक्षक मिळतो का, पुस्तकं जूनमध्ये येतात की दिवाळीला, पहाणीचा उतारा कळेल अशा भाषेत मिळतो का, हे प्रश्न केशवरावांनी पहिले विचारले असते, कारण आयुष्यभर त्यांनी तेच विचारले. दावा लढवू नये असं माझं म्हणणं नाही. दावा आणि शाळा यांत एकासाठी दुसरी थांबवून ठेवली, ही तक्रार आहे.

यावर कुणी म्हणेल की हे कर्नाटकाला सांगा. जरूर सांगावं. पण कलबुर्गीहून सोलापूरच्या गाडीत बसलं की गाणगापूर रोड मागे पडतं, गौडगाव, कुलाली जातं, आणि दुधनी येतं. दुधनी महाराष्ट्रात, अक्कलकोट तालुक्यात. तीच काळी जमीन, तीच तूर. फलाटावर हमालापासून अडत्यापर्यंत बोलणं कन्नड, आणि बाजारपेठेत दुकानांवरच्या पाट्या मराठी. तिथे कन्नड शाळा आहेत. त्यांना शिक्षक, पुस्तकं आणि परीक्षेचे कागद देणं हे मुंबईच्या सरकारचं काम आहे. १९२१ च्या मांडवात उठून उभे राहिलेले ते तेलुगू वकील आज दुधनीच्या एखाद्या पालकसभेत कन्नडात बोलायला उभे असतील, तर समोर बसलेले आपण आहोत.